पाठमोरं कात्रण

धंतोली, नागपूर
१४ ऑक्टोबर १९७७

उत्तरा,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायची रीत आहे. मी तो लिहिलेला नाही, आणि विसरले म्हणून नव्हे. सहा वर्षांपूर्वीच्या तुझ्या त्या पत्रानंतर तुला काय लिहावं हे मला सुचलेलं नाही. आजही सुचलेलं नाही. पण माझं तुझ्याकडे एक काम अडलं आहे. तू अमेरिकेत आहेस, तुझ्या गावात चार मजली लायब्ररी आहे असं तूच एकदा मोठ्या कौतुकानं कळवलं होतंस. हे काम तुझ्यावाचून दुसऱ्या कोणाकडून होणार नाही, म्हणून लिहिते. माझ्या ओळखीतलं दुसरं कोणी तिकडं असतं तर हे पाकीट तुझ्या दारात आलंच नसतं.

मी टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमधून निवृत्त झाले. सुपरवायझर म्हणून झाले, निरोपसमारंभात मला एक चांदीचा गणपती दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून मी रिकामी. देवळाच्या पायरीवर बसून सुनांच्या कागाळ्या ऐकणं मला जमत नाही. तेव्हा आम्ही चौघापाचांनी इथल्या वाचनालयाच्या व्हरांड्यात एक फळा लावला. कात्रणांचा फळा. कोणाला पेपरात, मासिकात काही नवलाचं सापडलं की ते कापून आणायचं, टाचणीनं लावायचं, खाली आपलं नाव आणि कुठून घेतलं ते लिहायचं. वाचणाऱ्याला काही म्हणायचं असेल तर त्यानं चिठ्ठी लिहून खाली टाचायची. त्या चिठ्ठीला उत्तर द्यायचं असेल तर तिच्याखाली दुसरी. मागच्या वर्षी कोणी तरी ऑक्टोपसला तीन हृदयं असतात असं कात्रण लावलं. त्याखाली चिठ्ठ्यांची अशी माळ लागली की शेवटची चिठ्ठी फरशीला टेकली, आणि तिच्यात ऑक्टोपस कुठंच नव्हता, कोणाच्या तरी जावयाचा उद्धार होता. हे नेहमीच होतं. तरी लोक रोज येतात. काही जण आधी फळा वाचतात आणि मग वेळ उरला तर पेपर.

फळ्याचा एक नियम आहे, तो मीच केलेला आहे. एखादं कात्रण खोटं वाटलं तर दोन सभासदांनी हरकत घ्यायची. मग ते काढत नाहीत, उलटं लावतात, तोंड भिंतीकडे आणि पाठ लोकांकडे. पुरावा आला की सुलटं. संक्रांतीच्या सभेपर्यंत पुरावा आला नाही तर कात्रण उतरवायचं आणि लावणाऱ्याला वर्षभर फळा बंद.

सध्या माझं कात्रण पाठमोरं आहे.

आता नीट वाच. तुमच्या सरकारनं ऑगस्ट-सप्टेंबरात दोन अंतराळयानं सोडली. ती गुरू, शनी यांच्या जवळून जाणार आणि मग कुठंच थांबणार नाहीत. परत यायची सोयच नाही. दोन्हींवर एकेक तबकडी बसवली आहे, तांब्याची, वरून सोन्याचा मुलामा. तिच्यात आपल्या पृथ्वीचे आवाज आहेत. पाऊस, पक्षी, आगगाडी, देवमासे. आणि पन्नासहून जास्त भाषांतले नमस्कार. त्यात मराठी आहे.

हे वाक्य मी उभ्यानं वाचलं आणि मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचलं. मला सहसा काही होत नाही, तुला माहीत आहे. बाबा गेले तेव्हाही मीच सगळ्यांना चहा केला. पण त्या दिवशी मी ते वाक्य तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं, घरात कोणी नसताना.

पेपर कलकत्त्याचा होता. शेजारच्या सत्यवतीबाईंचा भाऊ कलकत्ता मेलनं आला, त्यानं गाडीत वाचून इथं टाकला. त्याच पानाच्या मागं स्वेटरचा नमुना होता, तो सत्यवतीबाईंना हवा होता. आम्ही दोघींनी मिळून पान कापलं. मला माझी बातमी पुरी मिळाली, तिला नमुना अर्धाच मिळाला, आणि पेपराचं नाव आणि तारीख तिच्या अर्ध्यावर गेली. तो अर्धा तिची नणंद भंडाऱ्याला घेऊन गेली आणि तिथं तिनं तो हरवला. भावाला विचारलं तर तो म्हणतो, इंग्रजी पेपर होता. जन्मभर ऑपरेटर मुलींना मी एकच गोष्ट शिकवली, की आधी नाव आणि नंबर टिपून घ्या. आणि माझ्या कात्रणाला नाव नाही.

वाचनालयाचे सेक्रेटरी भैयाजी म्हणून आहेत, निवृत्त तहसीलदार. अजूनही समोर येणारा प्रत्येक माणूस सातबाऱ्याचा उतारा मागायलाच आला आहे अशा नजरेनं बघतात. त्यांनी कात्रण वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि व्हरांडाभर ऐकू जाईल असं म्हणाले, "यमुताई, अमेरिका मराठी कायले धाडते वरते? तिथं कोन आहे ऐकाले?"

सगळे हसले. चंपतराव सगळ्यात मोठ्यांदा हसले, कारण ते भैयाजींच्या शिंकेलाही अनुमोदन देतात. दोन हरकती झाल्या.

मी हसले नाही. हे वाक्य मी आधी वाचलेलं होतं, तुझ्या त्या पत्रात, तुझ्या लेकीबद्दल. "रेवाला मराठी शिकवून काय करू, ताई? इथं ती बोलणार कोणाशी?" शब्द वेगळे असतील, बोलणं तेच.

तेव्हा मला पुरावा पाहिजे. तबकडीतल्या भाषांची यादी कुठं तरी छापली असेल, तिच्यात मराठी असेल. तो कागद पाठव. लांब पत्र नको. तुझी खुशाली नको. फक्त कागद.

यमुना

*

धंतोली
२ डिसेंबर १९७७

उत्तरा,

तुझा कागद आला नाही. पोस्टमन आता मला फाटकात बघितलं की लांबूनच हात हलवतो. टपालखात्यात गोंधळ असेल असं मी लोकांना सांगते. मी सरकारी नोकरीत होते, सरकारी गोंधळ किती दिवस चालतो हे मला कळतं.

इकडं माझ्या पाठमोऱ्या कात्रणाची गंमत झाली आहे. मागच्या बाजूला सत्यवतीबाईंच्या स्वेटरचा राहिलेला अर्धा नमुना आहे ना! ती रोज दुपारी सुया आणि लोकर घेऊन फळ्यासमोर उभी राहते आणि वाचून वाचून विणते. मी म्हटलं, "अहो, माझं कात्रण सुलटं होऊ दे, असा नवस तरी करा."

ती म्हणाली, "यमुताई, बाही होऊ द्या वं माही. मंग खुशाल सुलटं करा."

लोकांनीही त्या स्वेटरखाली चिठ्ठ्या लावल्या आहेत. एकानं विचारलं आहे की नागपुरात इतका जाड स्वेटर घालून कोणाला जिवंत राहायचं आहे. त्यावर वाद चालू आहे. पृथ्वी आपला आवाज आकाशात पाठवते आणि लोक बाहीचे टाके मोजतात. मला संताप आला होता. आता येत नाही, त्याचं कारण पुढं.

पारशिवनीकडून मारोतराव म्हणून एक गृहस्थ येतात, मुलाकडे. शेती आहे, भात लावतात, आणि दर शनिवारी फळ्यापुढं उभे राहून सगळं वाचतात, टाचण्यासुद्धा. त्यांनी माझ्या कात्रणाच्या पाठीखाली एक चिठ्ठी लावली: "खरं का खोटं ते सभेत पाहू. पण मराठी गेली असल तं म्हटलं काय?"

उत्तरा, तिथून जी माळ लागली! आधी कोणती मराठी गेली यावर भांडण. चंपतरावांची चिठ्ठी, "पुण्याचीच गेली असणार, आपल्याले कोन विचारते." त्याखाली कोणी तरी, "बरं झालं, ते लोक दुपारी झोपतात, वरच्यांनी दार वाजवलं तं उघडत नाहीत." मग प्रत्येक जण लिहू लागला की मला सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं. सत्यवतीबाईंनी लिहिलं, "जेवण झालं का?" मारोतरावांनी लिहिलं, "आमच्याकडं पाऊसपाणी बरं आहे, तुमच्याकडं कसं?" एका कॉलेजच्या मुलीनं लिहिलं, "आम्ही वाईट नाही." भैयाजी लिहीत नव्हते. शेवटी लोकांनी फार गळ घातली तेव्हा त्यांनी लिहिलं, "आपण कोण? कोणत्या कामानिमित्त आलात?"

"भैयाजी," मी म्हटलं, "ते आलेले नाहीत. आपण त्यांच्या दारात चाललोय."

"मंग तं आधी वर्दी द्याले पाहिजे होती," ते म्हणाले. त्यांनी हे गमतीनं म्हटलं की मनापासून, ते चेहऱ्यावरून कळलं नाही.

मला विचारलं, तुम्ही काय म्हटलं असतं? इतकी वर्षं रोज दिवसभर मी बोलत होते. मुंबई बोला, कलकत्ता बोला, लाईन चालू आहे, बोला. माझी चिठ्ठी कोरी राहिली.

मी घरी येऊन त्यावर विचार केला. ट्रंक बुक करायचा तर नंबर लागतो. नंबर नाही तर निदान गाव आणि नाव. पलीकडे कोणी उचललं नाही तर मुलगी सांगते, उत्तर नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मी पलीकडचा नंबर नसलेला एकही कॉल घेतला नाही. कोणी मागितलाच नाही, कारण असा वेडेपणा कोणी करत नाही. आणि इथं तुमच्या देशातली शहाणी माणसं, गणितं येणारी, यंत्रं बांधणारी, खोलीत बसून एकेका माणसाला बोलावून म्हणाली असतील, या, इथं बोला. कोणाशी? माहीत नाही. कुठं? माहीत नाही. उत्तर कधी येईल? तेव्हा आपण कोणीच नसू. तरी बोला. आणि त्या माणसानं घसा साफ करून, आपल्या आईकडून शिकलेल्या भाषेत, नमस्कार म्हटलं.

दिवेलागणीला मी मागच्या अंगणात वर बघत उभी राहते. मान दुखते. दिसत काहीच नाही, ते मला कळतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बाई आहे, भोळीभाबडी नाही. पण तिथं कुठं तरी एक यंत्र धावत आहे आणि त्याच्या पोटात मराठी आहे, आणि ते थांबणार नाही. आपण राहू न राहू, नागपूर राहील न राहील. मला गुडघे टेकावेसे वाटतात. पण संधिवातामुळे तेही जमत नाही.

आपल्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोललं की गळ्यात पुठ्ठ्याची पाटी घालायचे. तुला आठवत असेल, नसेल. सिस्टर म्हणायच्या, ही भाषा तुम्हाला फाटकाच्या बाहेर कुठं नेणार नाही.

संक्रांतीच्या सभेला अजून अवकाश आहे. हे पत्र मी रजिस्टर करते आहे, म्हणजे मिळालं नाही असं तुला म्हणता येणार नाही.

यमुना

*

धंतोली
२१ जानेवारी १९७८

उत्तरा,

सभा झाली. कात्रण उतरवलं. मला संक्रांतीपर्यंत, म्हणजे पुढच्या, फळा बंद. नियम माझाच होता, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार. सभेत सगळ्यांनी एकमेकांना तिळगूळ दिला. भैयाजींनी मला दिला तेव्हा मी तो घेतला आणि पर्समध्ये टाकला. त्यांच्यासमोर खाल्ला नाही. ते त्यांना समजलं.

तुझी पोचपावती मात्र आली. म्हणजे माझं रजिस्टर पत्र तू सही करून घेतलंस. सही इंग्रजीत, आडनाव तुझ्या नवऱ्याचं. अक्षर मी ओळखलं. बाकी काही नाही.

तू उत्तर देणार नाहीस हे मी आता धरून चालते. तरी लिहिते, कारण एक गोष्ट झाली ती इथं मी कोणाला सांगू शकत नाही. ज्यांच्याबद्दल आहे ते रोज समोर बसतात.

सभेनंतर चार दिवसांनी भैयाजी घरी आले. सकाळी, पूजेच्या वेळी, सोबत चंपतराव नाहीत. मी त्यांना बसा म्हटलं नाही. ते बसले.

"यमुताई, ते कात्रण मी ठेवून घेतलं."

"का? जाळायला?"

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. कात्रण घडी न करता, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलं होतं.

"मी हरकत घेतली ते तुमाले हरवाले नाही घेतली," ते म्हणाले. "मले वाटे, हे खोटंच निघावं. खरं असल तं फार मोठं आहे ते, बाई. मले झेपत नाही."

मी चहा टाकायला उठले. माणूस माझ्या दारात येऊन असं बोलायला लागला की मला स्वयंपाकघरात जावं लागतं. ते बाहेरून बोलत राहिले. त्यांची बायको, रुखमाबाई, दोन वर्षांमागं गेली. मी ओळखत होते, लोणच्याच्या बरण्या पाठवायची, मीठ जास्त.

"मी रोज सकाळी उठतो आन् म्हणतो, चहा झाला का वं?" भैयाजी म्हणाले. "मले मालूम आहे ती नाही. तरी म्हणतो. एक दिवस सुनेनं ऐकलं. ती म्हणे, बाबा, कोनाशी बोलून राहिले? काय सांगू तिले? त्या दिवशी तुमचं कात्रण वाचलं. अन् लोकाईसमोर माह्या तोंडून काय निघालं? तिथं कोन आहे ऐकाले! सुनेचंच वाक्य."

मी चहा घेऊन बाहेर आले. त्यांनी घेतला.

"कोनी नसलं तरी बोलनं सुटत नाही," ते म्हणाले. "मले वाटलं मीच एकटा येडा. आता तुम्ही म्हणता का सारी दुनियाच."

मग ते उठले, टोपी नीट केली, आणि जाता जाता म्हणाले की नियमाप्रमाणे वर्षभर मला फळा बंदच राहील, त्यात बदल नाही. मी म्हटलं, बदल केलात तर मीच हरकत घेईन.

तुला सांगण्यासारखं यात काही नाही. मी आपलं कळवलं.

ताई

*

धंतोली
९ मार्च १९७८

उत्तरा,

तुझं पाकीट काल मिळालं.

मी ते आधी उघडलं नाही, हातात धरून बसले. मग उघडलं. आत एकच कागद, कुठल्याशा नियतकालिकाच्या पानाची छायाप्रत, वर नाव, खाली तारीख. पत्र नाही. एक ओळ नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं. तू माझं म्हणणं शब्दशः पाळलंस. फक्त कागद.

भाषांची यादी. मराठीखाली लाल पेन्सिलीची रेघ.

मी तो कागद घेऊन वाचनालयात गेले. मला फळ्याला हात लावता येत नाही, म्हणून तो भैयाजींच्या टेबलावर ठेवला आणि उभी राहिले. त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. कोटातून कात्रण काढलं, उठून व्हरांड्यात गेले आणि स्वतःच्या हातानं सुलटं लावलं, शेजारी तुझा कागद. त्याखाली चिठ्ठी लिहिली, "हरकत मागे. बंदीही मागे." खाली सही, तारखेसकट, तहसीलदार असल्यासारखी. चंपतरावांनी त्याखाली लिहिलं, "सहमत." सत्यवतीबाईंचा स्वेटर पुरा झाला आहे, तेव्हा तिचीही हरकत नाही.

मारोतराव होते. ते म्हणाले, "कोनकोनत्या भाषा आहेत, मोठ्यानं वाचा न जी कोनी." कोणी तरी वाचू लागलं. सुमेरियन. हिब्रू. तेलुगू. उडिया. झुलू. कित्येक नावं आमच्यातल्या कोणी ऐकलेली नव्हती, वाचणारा अडखळे आणि पुढं जाई. रस्त्यावरचे सायकलवाले थांबले. एक बाई भाजीची पिशवी खाली ठेवून उभी राहिली. मराठी आली तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. मला वाटलं होतं वाजवतील. भैयाजींनी टोपी काढून हातात धरली होती. वाचणाऱ्यानं जरा थांबून पुढची भाषा घेतली.

हे झालं फळ्याचं. आता माझं आणि तुझं.

कागदाच्या मागं पेन्सिलीनं काही लिहिलं होतं, ते मला घरी येऊन दिसलं. फळ्यावरून कागद काढून मी प्रत करायला आणला होता, तेव्हा. तू बघितलं होतंस की नाही, मला माहीत नाही. माझा समज आहे की नाही. इंग्रजीत आहे, लहान मुलीचं अक्षर, मोठं आणि उतरतं. मी त्याचं मराठी करून तुझ्यासाठी लिहिते, कारण तुझ्या घरात घडलेलं तुला दुसरं कोणी सांगणार नाही.

"प्रिय आँट यमुना, रेघ मी मारली आहे. तुम्ही ही भाषा बोलता का? आई म्हणाली, ती पूर्वी बोलायची. मी म्हटलं, काही तरी बोलून दाखव. आई म्हणाली, मला आठवावं लागेल. मग ती भांडी घासायला गेली आणि अजून तिनं सांगितलेलं नाही. रेवा."

आठवावं लागेल? तुला?

सहा वर्षं मी समजत होते की तू मुलीला भाषा दिली नाहीस, ते तुझ्या तोऱ्यामुळं. मी तुझ्यावर इतकी रागावले होते की तुझं दुसरं काही असू शकतं हे माझ्या मनातही आलं नाही. तिथं बर्फात, त्या चार मजली लायब्ररीच्या गावात, तूच कोणाशी बोलत होतीस ते मी कधी विचारलं का, असं म्हणशील. तूही कधी सांगितलं नाहीस. आपण दोघी एकाच आईच्या.

या पत्राचं उत्तर देऊ नकोस. सोबत एक वेगळं पत्र आहे, ते रेवाला आहे. तिला वाचता येणार नाही, तेव्हा ते तू वाचून दाखवायचं आहे. मोठ्यानं. अर्थ मग सांग, आधी नाही. कुठलीही ओळ गाळायची नाही.

तुला अनेक आशीर्वाद.

ताई

*

नागपूर
९ मार्च १९७८

चिरंजीव रेवा,

मी तुझी मावशी. आईची मोठी बहीण म्हणजे मावशी. आँट वगैरे पुन्हा म्हणू नकोस, मला कोणी तरी चर्चमध्ये बोलावतंय असं वाटतं.

आत्ता तुला जे ऐकू येतंय ते मराठी आहे. तुला त्यातलं काही कळत नाही. काही बिघडत नाही. नुसतं ऐक. आवाज तुझ्या आईचाच आहे, पण जरा वेगळा वाटत असेल. हा तिचा खरा आवाज आहे. तो तिनं पेटीत घालून ठेवला होता.

तू विचारलंस, ही भाषा मी बोलते का. बोलते. जास्तच बोलते असं इथले लोक म्हणतात. पण आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणारी मी नव्हते. तुझी आई होती. तू नऊ वर्षांची आहेस ना? ती तुझ्याहून लहान असताना आम्ही रेल्वेलाईनच्या कडेला राहत होतो. मागच्या अंगणातून मालगाड्या दिसायच्या, लांबच लांब. तुझी आई कुंपणाच्या तारेला धरून उभी राहायची आणि जाणाऱ्या प्रत्येक डब्याला ओरडून विचारायची, "कुठून आलास? कुठं चाललास? जेवलास का?" एकही डबा सोडायची नाही. शेवटचा गार्डाचा डबा गेला की धापा टाकत घरात यायची.

उत्तरा, इथं थांबू नकोस. पुढं वाच.

मी तिला म्हणायचे, वेडे, डबे ऐकत नाहीत. ती म्हणायची, पण मी बोलतेय ना.

रेवा, आता ती वाचायची थांबली असेल. तिला घाई करू नकोस, ती बरी आहे. तू उठ आणि तिला पाणी आणून दे. पाणी म्हणजे काय, ते तुला तिलाच विचारावं लागेल.

तुझी
मावशी